भोंग्याखालची जागा

४ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

पाकिटावर माझं अक्षर बघून धाकटी विचारेल, दादाचा फोन बंद पडला की काय? फोन चालू आहे. माझा त्याच्यावरचा भरवसा बंद पडलाय. म्हणून इतक्या वर्षांनी पेन धरलंय. अक्षराला हसू नका. ही बोटं तारेला सरावलेली, कागदाला नाहीत.

मुद्द्यावर येतो. माझ्या कारखान्यात फितुरी झाली आहे.

गेल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी आणि चिरंजीव केबिनमध्ये बसलो होतो. दार आतून लावलेलं. मी खुर्ची मागे भिंतीला टेकवली आणि त्याला माझा बेत सांगितला. जळलेल्या मोटारींत नव्या कॉइल भरायचं आपलं काम. त्यासाठी आपोआप वेढे घालणारं मशीन आणायचं. आमचा तरबेज माणूस दिवसभरात गुंडाळतो तितक्या कॉइल ते तासाभरात गुंडाळतं. मशीन आलं की चौदातले सहा जण कमी. कोण सहा, तेही बोटांवर मोजून सांगितलं. एवढंच. तिथून चिरंजीव माझ्याबरोबरच गिऱ्हाइकाकडे आला, संध्याकाळपर्यंत माझ्या नजरेआड झाला नाही. आणि परत येऊन बघतो तर शेडमधल्या झाडून सगळ्यांचे चेहरे उतरलेले! सहा हा आकडा माहीत. नावं माहीत. अहो, नावांचा क्रमसुद्धा बरोबर!

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. शेजारच्या गल्लीतला पंप ऐकून मी सांगतो, ह्याचं बेअरिंग आठ दिवसांचा सोबती. शेडमध्ये कोण काय पुटपुटलं ते मला कळल्याशिवाय राहत नाही. आणि माझ्याच नाकाखालून माझीच गोष्ट बाहेर जावी?

संशय डावखुऱ्यावर आहे. तुम्ही त्याला पाहिलंय. उंच, कमी बोलणारा, डाव्या हाताने वेढे घालतो, त्यामुळे त्याची कॉइल मी डोळे मिटूनही ओळखतो. बावीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या खोलीत एका टेबलावर आम्ही दोघांनी सुरुवात केली. तुम्ही म्हणाल, मग त्याच्यावर संशय कसला? ऐका. त्या मंगळवारी तो गावात नव्हता. लेकीचं बाळंतपण म्हणून दहा दिवसांची रजा. रजेवर जायच्या आदल्या दिवशी केबिनच्या दारात उभा राहून मला म्हणतो, "दादा, मी नाही तोवर केबिनमध्ये जरा जपून बोला."

"का रे बाबा?"

"असंच."

असंच! माणूस गावात नाही, जाताना इशारा देऊन जातो, आणि पाचव्या दिवशी बातमी फुटते. म्हणजे कुणाला तरी कामाला लावून गेला, आणि स्वतः नामानिराळा. पाणी मुरतंय ते इथेच.

तुम्ही शाळेत रोज पोरांच्या चोऱ्या पकडता. सांगा, काय करू?

तुमचा,
दादा

&nbsp;

९ नोव्हेंबर

दादांना नमस्कार.

पत्र दोघांनी वाचलं. धाकटीने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी हसली.

चोऱ्या पकडण्याबद्दल म्हणाल, तर पंचवीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. ज्या मुलाने खडू उचललेला असतो, तो "सर, खडूचा डबा कपाटात ठेवा" असं सांगायला येत नाही. डावखुऱ्याने तुम्हाला जपून बोलायला सांगितलं. ज्याला गोष्ट फोडायची आहे तो असं का सांगेल? त्याच्याकडून आधी कारण काढून घ्या, मग संशय घ्या.

दुसरं. माणसांची यादी तुम्ही केलीत, खोलीची केली नाहीत. केबिनमध्ये काय काय आहे ते जसंच्या तसं लिहून पाठवा. मी पदार्थविज्ञान शिकवतो, माणसांपेक्षा वस्तूंशी माझं बरं जमतं.

तोपर्यंत कुणाला काही बोलू नका.

तुमचा,
मास्तर

दादा, खाली उरलेल्या जागेत मी लिहितेय. लहानपणी जिन्याखाली बसून मोठ्यांची बोलणी कोण ऐकायचं रे? आणि ऐकलेलं स्वतःच्या मनातलं म्हणून जेवताना कोण सांगायचं? आता तुझं कुणी ऐकलं तर एवढा थयथयाट! सहा जणांना खरंच काढणार आहेस? त्यात तुझ्या कॉइलवाल्या मावशी नाहीत ना? — धाकटी

&nbsp;

१६ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

तुमचा सल्ला मिळाला, पण उशिरा. मी बोलून बसलो होतो.

डावखुरा रजेवरून आला. मी खडा टाकून पाहिला. सुट्टीत, दार लावून, चिरंजीवाला खोटंच सांगितलं की पुढच्या महिन्यापासून काम सकाळी सहाला सुरू. म्हटलं, बघू बाहेर येतं का. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. शेडमध्ये चकार शब्द नाही! झालं की नाही सिद्ध? तो नव्हता तेव्हा फुटलं. तो आला, त्याने सापळा ओळखला, आणि सगळ्यांची तोंडं बंद. म्हणजे नळाची तोटी त्याच्याच हातात.

मग बोलावलं. विचारलं, "जपून बोला म्हणालास, ते का?"

त्याने एकदा माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमच्याचसाठी म्हणालो होतो, दादा."

"स्पष्ट बोल."

"स्पष्ट बोललो तर अडचण तुमची होईल. माझी नाही."

मला धमकी! माझ्याच केबिनमध्ये! मी म्हटलं, बोलावेपर्यंत घरी बस. त्याने टेबल पुसलं, कात्र्या-पकडी ओळीने लावल्या, आणि गेला. जाताना मला "येतो मालक" म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मालक.

केबिनची यादी: टेबल एक, खुर्च्या तीन, फोन, नकाशांचं कपाट, भिंतीवर कॅलेंडर, माझ्या खुर्चीमागे लाकडी डब्यातला एक जुना स्पीकर. पूर्वी मी माइकवरून शेडमधल्या भोंग्यावर सूचना द्यायचो, त्या व्यवस्थेतला. अकरा वर्षांपूर्वी ॲम्प्लिफायर जळाला तेव्हापासून सगळं मुकं. वीजसुद्धा नाही त्याला. केबिनला काचेचं जाड दार, शेडपासून चाळीस पावलं. बघा काही उलगडतं का.

धाकटीला सांगा, मावशींचं नाव सहांत आहे, नजर कमी झालीय त्यांची. पण ही बाईही साधी नाही. डावखुरा गेला त्या दिवशी डबा खाताना म्हणाली, "बावीस वर्षांचा माणूस असा एका शब्दात घालवतात, आपण तर कोपऱ्यातली केरसुणी." आणि आमचा टापटीप (डावखुऱ्याच्या जागेवर मी त्याला बसवलंय, टेबल असं चकचकीत ठेवतो की डास घसरावा) त्यावर म्हणाला, "मावशी, हळू." हळू म्हणे! म्हणजे सगळे सामील.

दादा

&nbsp;

२१ नोव्हेंबर

दादांना नमस्कार.

आज आठवीच्या वर्गात एक प्रयोग केला. पुठ्ठ्याच्या नळीवर तारेचे तीनशे वेढे, दोन्ही टोकं काट्याच्या मापकाला जोडलेली. बॅटरी नाही, काही नाही. नळीत चुंबक सरकवला की काटा उडतो. चुंबक आत नुसता पडून राहिला की काटा शून्यावर. बाहेर ओढला की पुन्हा उडतो, उलट्या बाजूला. हलणं महत्त्वाचं, चुंबक हलो की तार हलो. मुलं दर वर्षी टेबलाखाली वाकून लपवलेली बॅटरी शोधतात.

मग मी दोन मापकं एकमेकांना जोडली. त्यांच्याही पोटात चुंबक आणि तारेचे वेढेच. एकाला हाताने हलवलं, तर शेजारच्याचा काटा हलला. एका मुलीने विचारलं, "सर, ह्यातलं पाठवणारं कोणतं आणि घेणारं कोणतं?" मी म्हटलं, दोन्ही दोन्ही.

दादा, हे तुम्हाला सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. स्पीकरमध्येही चुंबकाभोवती वेढेच असतात. वेढ्यांत करंट सोडला की पडदा थरथरतो, आवाज येतो. पण पडद्यावर बाहेरून आवाज आदळला, तरी पडदा थरथरतो, वेढे चुंबकाजवळ हलतात, आणि करंट आपोआप जन्माला येतो. जळालेल्या ॲम्प्लिफायरची त्याला गरज नाही.

आता मनात आलेलं विचारतो, रागावू नका. जाड काचेचं दार, चाळीस पावलं, आणि मावशी डबा खाताना काय म्हणाल्या, टापटीप "हळू" म्हणाला, हे तुम्ही शब्दन् शब्द लिहिलंत. तुमचे कान तीक्ष्ण आहेत हे मान्य. पण इतके?

त्या मुक्या डब्याची तार कुठे जाते?

तुमचा,
मास्तर

&nbsp;

२५ नोव्हेंबर

मास्तर,

मी तुम्हाला चोर शोधायला सांगितलं, उलटतपासणी घ्यायला नाही. आठवीच्या पोराला विचारता तसं मला विचारू नका. तारेचा इथे काही संबंध नाही.

इकडे आग लागलीय. डावखुरा घरी बसल्यापासून रोज गोष्टी बाहेर जातात. काल मी चिरंजीवाला म्हटलं की टापटीप टेबल पुसतो तेवढी मोटार पुसली असती तर बरं होतं; तासाभरात टापटीपने माझ्यासमोर मोटार पुसायला घेतली, दात ओठ खाऊन. मी बायकोला फोनवर म्हटलं कंबर दुखतेय. संध्याकाळी मावशी मलम घेऊन हजर! घरी बसून हा माणूस हे कसं घडवतो? आधी एक फितूर होता, आता तो बाहेरून सगळ्यांना चालवतोय. मी आता चिरंजीवाशीही चिठ्ठीवर बोलतो. तो म्हणतो, बाबा, डॉक्टरांना दाखवू या.

पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्याने डावखुऱ्याला बोलावलंय. पहिल्या तारखेनंतरच्या रविवारी तो त्यांना शब्द देणार म्हणे. जाऊ दे. उलट मीच आधी कामावरून काढल्याचं पत्र पाठवतो. मजकूर लिहून ठेवलाय. हात उचलत नाही, ती गोष्ट वेगळी. अवघड मोटार आली की मी आपसूक त्याच्या टेबलाकडे बघतो आणि तिथे टापटीप फडकं मारत असतो.

दादा

&nbsp;

२८ नोव्हेंबर

दादा,

आज मी आधी लिहितेय, मास्तर नंतर.

तू चिडलास, पण तारेच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाहीस. तुझी लहानपणापासूनची खोड आहे. खोटं बोलत नाहीस, नुसता आवाज चढवतोस. ते पत्र टाकू नकोस. टाकलंस तर मी पुढच्या गाडीने येईन आणि तुझ्या शेडमध्ये उभी राहून जिन्याखालच्या सगळ्या गोष्टी सांगेन. भोंगा लागणार नाही मला त्यासाठी.

— धाकटी

दादा, मी थोडक्यात लिहितो. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये जा. जुना भोंगा जिथे टांगलाय त्याच्याखाली चिरंजीवाला उभं करा. तुम्ही केबिनमध्ये दार लावून, तुमच्या नेहमीच्या जागी, खुर्ची मागे टेकवून, चिरंजीवाला माहीत नाही अशी एखादी गोष्ट बोला. मग त्याला विचारा. — मास्तर

&nbsp;

३ डिसेंबर

प्रिय मास्तर,

हरलो.

रविवारी गेलो. चिरंजीव भोंग्याखाली, मी केबिनमध्ये. काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "तुझ्या जन्माच्या वेळी मी दवाखान्यात नव्हतो, कारखान्यात होतो, आणि तुझ्या आईला सांगितलं की गाडी मिळाली नाही." बाहेर आलो तर पोरगा वर भोंग्याकडे बघत उभा. म्हणाला, "बाबा, गाडी मिळाली नव्हती ना?"

बारीक येतो आवाज, पत्र्याच्या डब्यात कुणी बोलावं तसा. पण शेड शांत असली की पाच-सहा माणसांना सहज ऐकू जातो. आणि शेड शांत कधी असते? जेवणाच्या सुट्टीत. मी बेत कधी आखतो? जेवणाच्या सुट्टीत.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तार मीच ओढली. ॲम्प्लिफायर जळाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की भोंगा ऐकूही शकतो. भोंग्याची दोन टोकं सरळ खुर्चीमागच्या स्पीकरला जोडली. दिवा नाही, खरखर नाही, कुणाला पत्ता नाही. डब्याला कान लावला की शेड माझ्या कानात. अकरा वर्षं. मालकाच्या कानात जादू आहे म्हणतात ती ही जादू. हजारो कॉइल ह्या हातांनी गुंडाळल्या, मास्तर, पण कान लावून बसताना एकदाही मनात आलं नाही की पलीकडेही कॉइलच आहे. ऐकणारा मी, बोलणारे ते, इतकंच डोक्यात.

टापटीपला विचारलं. म्हणाला, "त्या भोंग्याच्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबली होती. घाण दिसत होती, दोन्ही वेळा मीच काढून टाकली." दोन्ही वेळा म्हणजे डावखुरा रजेवर होता तेव्हा, आणि मी त्याला घरी बसवला तेव्हा. मधल्या दिवसांत चिंधी परत जागेवर होती. माझा सापळा त्या चिंधीत अडकून बसला होता.

काल डावखुऱ्याकडे गेलो. तिसरा मजला. दार उघडलं तर ह्याच्या खांद्यावर नात. म्हणाला, "हळू बोला, आत्ता डोळा लागलाय." म्हणून आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं मला कुजबुजत करावं लागलं.

"तार तुला कधी कळली?"

"तिसऱ्या दिवशी. तुम्ही तिकडे खोकलात, इकडे भोंगा खोकला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. अकरा वर्षं बोलतोच आहे."

 तो पोरीला थोपटत म्हणाला, "गिरणीच्या मोटारीला एक नंबर जाड तार घाला, हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

मी म्हणणार होतो, मीच. पण आठवलं. सुट्टीत डब्याला कान लावला होता, हा मावशींना म्हणत होता, जाड तार घातली असती तर ही मोटार परत आली नसती. दुसऱ्या दिवशी मी छाती काढून शेडमध्ये गेलो आणि हुकूम सोडला. आणि हाच म्हणाला, "वा दादा, डोकं आहे!"

"वार्निशची भट्टी भिंतीपासून लांब घ्या? पावसाळ्यात कॉइल दोनदा वाळवा? शाळेच्या पंपाचं काम आधी करा?"

"बास," मी म्हटलं.

"मशीन?"

तेव्हा मात्र माझा आवाज चढला आणि नात कुरकुरली. तो म्हणाला, "मार्चमध्ये मावशींशी बोललो मी, भोंग्याखाली. बारीक तारेला आता आमचे डोळे पुरत नाहीत, दादांनी मशीन आणायला हवं. मशीन माझं. सहा माणसं तुमची."

"मला तोंडावर का नाही सांगितलंस?"

"सांगून बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, मालक कोण, तू की मी? मग चिंधी ठेवली. तुम्हाला काही सांगायचं असलं की काढायची, एरवी तुमचं बोलणं चारचौघांत जाऊ नये म्हणून घालून ठेवायची. चिंधीतून झिरपेल ते तिकडे डब्याला कान लावलेल्या तुम्हाला आणि इकडे भोंग्याशी बसलेल्या मला, बाकी कुणाला नाही. माझ्याबद्दल तुम्ही काय काय बोललात, चांगलं आणि ते दुसरंही, सगळं मी एकट्याने ऐकलंय."

मी परत ये म्हटलं. तो म्हणाला, "येतो. सगळ्यांना तार दाखवा, मग येतो. रविवारपर्यंत थांबतो, नंतर पलीकडे शब्द देणार."

मास्तर, आता खरं विचारतो. तार काढून टाकली, भोंगा भंगारात घातला, तर कुणाला काय कळणार आहे? डावखुऱ्याला मी दुसरं काही देऊन समजावीन. शेडमध्ये उभं राहून हे सांगायचं म्हणजे लोक माझ्यासमोर परत तोंड उघडतील का? टापटीप आधीच भोंग्याकडे टक लावून बघत असतो. त्याला संशय आलाय का हो?

दादा

&nbsp;

६ डिसेंबर

दादांना नमस्कार.

कुणाला काही कळणार नाही, हे खरं. टापटीपला संशय आला असेल तरी तो भोंगा पुसून गप्प बसेल.

पण डावखुऱ्याला तुम्ही काय देणार? त्याने मागितलंय ते एकच आहे, आणि ते तुमच्याकडेच आहे. लोक तोंड उघडणार नाहीत म्हणता. अकरा वर्षं उघडलं ते तुमच्यासमोर नव्हतंच.

धाकटी शेजारी बसलीय. ती म्हणते, लिहा: दादाला विचारा, मावशी त्या भोंग्याखाली बसून कितीदा रडल्या असतील, आणि त्यातलं किती त्याने ऐकलं?

हे पत्र शनिवारी तुमच्या हातात पडावं म्हणून स्वतः मुख्य टपालात टाकायला चाललोय.

मास्तर

&nbsp;

१५ डिसेंबर

प्रिय मास्तर, आणि धाकटी,

पत्र शनिवारी सकाळी आलं. सुट्टीची वेळ होईपर्यंत मी ते चार वेळा खिशातून काढून परत ठेवलं.

सुट्टीत शेडमध्ये गेलो. मी असा डब्याच्या वेळी कधी जात नाही, त्यामुळे सगळे उठून उभे राहिले. मी म्हटलं बसा. कुणी बसेना. मग तसंच सांगितलं. शिडी मागवली, भोंगा खाली घेतला, तार ओढत ओढत केबिनपर्यंत नेली आणि डबा उघडून दाखवला. म्हटलं, अकरा वर्षं मी तुमचं ऐकलं. ह्यात डावखुऱ्याचा दोष नाही, फितूर कुणी असेल तर मीच आहे. आणि सहा जणांचं तुम्ही जे ऐकलंत तेही मीच बोललो होतो.

वाटलं होतं, कुणी हसेल, कुणी शिवी घालेल. पण जो तो आठवत होता, मास्तर. चेहऱ्यांवर दिसत होतं. ह्या भोंग्याखाली आपण काय काय बोललो, एकेक जण मागे जाऊन मोजत होता. टापटीपचे कान लाल झाले. दोघं जण डबा तसाच ठेवून बाहेर गेले, त्यातला एक अजून आलेला नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.  मग डबा बंद करून कॉइलला वेढे घालायला लागल्या, सुट्टी संपायला वीस मिनिटं होती तरी.

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पुष्कळ वेळा. आणि सगळं ऐकलं. त्यांच्या लेकीच्या सासरचं ऐकलं, दवाखान्याचं ऐकलं. एकदा त्या आठ दिवस आल्या नाहीत तेव्हा कारण मला आधीच माहीत होतं, तरी मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मावशी, माहेरपणाला गेला होतात काय?" म्हणजे मला माहीत आहे असं कुणाला वाटू नये. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

सोमवारी डावखुरा आला. येऊन आधी टेबलाकडे गेला नाही, थेट केबिनमध्ये आला, समोर बसला. मला म्हणाला, "दादा, सहा नाही."

"मग किती?"

"एकही नाही. मशीनवर दोन पाळ्यांत चौघं लागतील. बारीक काम तिकडे गेलं की मोठ्या मोटारी जास्त घेता येतील, त्या हातानेच भराव्या लागतात."

"मावशींना दिसत नाही."

"मावशींना हाताला कळतं. तयार कॉइल तपासायला बसवा त्यांना. तुमच्या कानांपेक्षा त्यांची बोटं खरी."

मी म्हटलं, मालक कोण? अहो, सवयीने गेलं तोंडातून! तो खुर्चीतून उठला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. मग जुंपली आमची. दीड तास. बावीस वर्षांत आम्ही एकदाही भांडलो नव्हतो, आणि मी त्यालाच चांगुलपणा समजत होतो. त्याने माझी एकेक चूक काढली, मी त्याच्या काढल्या, त्याच्या कमी निघाल्या. शेवटी एकही नाही ह्यावर आलो. मशीन मार्चमध्ये. चिरंजीव म्हणतो, बाबा, तुम्ही दहा वर्षांनी तरुण दिसताय. मला तर अंगातून पिळून काढल्यासारखं झालं होतं.

संशय गेला का म्हणाल, तर लगेच जात नाही तो. परवा दोघं जण नळापाशी बोलत होते, मला बघून थांबले. माझे कान आपोआप टवकारले. मग लक्षात आलं, आता संशय घ्यायचा हक्क त्यांचा आहे. मी खोकून, बूट वाजवत पुढे गेलो. हल्ली शेडमध्ये शिरताना असाच वाजत-गाजत शिरतो.

मावशी मात्र बोलेनात. मंगळवार, बुधवार, गुरुवार. काम आणून द्यायच्या, मान हलवायच्या, जायच्या. डावखुऱ्याला म्हटलं, तू जरा समजाव. तो म्हणाला, "मी आता मधे नाही. तुमचं तुम्ही."

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मावशी केबिनमध्ये आल्या. दार लावून घेतलं. समोरची खुर्ची ओढली, पदर सारखा केला, हात टेबलावर ठेवले. मी काहीतरी बोलायला गेलो तर बोट वर केलं.

"तुम्ही अर्धवट ऐकलंय," म्हणाल्या. "सुट्टी संपली की घंटा वाजवायचात तुम्ही, आणि माझं बोलणं मधेच तुटायचं. आता सगळं ऐका."

दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या. मी एकदाही मधे बोललो नाही. उठताना म्हणाल्या, "सोमवारी तपासणीच्या टेबलाला उंच खुर्ची लागेल मला," आणि गेल्या.

धाकटे, तू विचारशीलच, काय म्हणाल्या. ते मी लिहिणार नाही.

दादा